वेळेआधी उगवलेला दात



मलकापूरहून एका आजींचे पत्र आले आहे. त्यांच्या नातीला पाच वर्षे पुरी व्हायला अजून दोन महिने आहेत. गेल्या पंधरवड्यात तिची वेणी घालताना आजींना दिसले, की खालच्या पटाशीच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूस, दोन नवे रुंद दात वर आले आहेत. पुढचे दुधाचे दात मात्र जागचे हललेलेही नाहीत. ‘पोरीच्या तोंडात दातांच्या दोन ओळी झाल्या आहेत,’ असे आजी लिहितात. मग घरात जे होते तेच झाले. शेजारच्या एका बाईंनी हे लक्षण बरे नव्हे असे सुचविले. आजींच्या नणंदबाईंनी निर्वाळा दिला, की ज्या मुलीचे दात लवकर येतात ती लवकर वयात येते. आजोबा दुपारी दुकानातून जेवायला आले ते दोरा घेऊनच. पुढच्या दाताला बांधून एक हिसका दिला की काम झाले, असा त्यांचा विचार. सूनबाई रडकुंडीला आल्या. पत्राचा शेवट असा आहे: ‘आम्ही घाबरावे की नाही, एवढेच सांगा.’

आजी, घाबरू नये. आणि आजोबांचा दोरा तूर्त कपाटात ठेवावा. परंतु पत्र वाचताना मला भीती वाटली ती निराळ्याच दाताची. त्या दाताचा उल्लेख पत्रात कोठेही नाही, कारण तो आला आहे की नाही हे घरात कोणी पाहिलेलेच नसावे. त्याच्याकडे मी मागाहून येईन.

प्रथम त्या दोन ओळींविषयी. दुधाचे दात एकूण वीस. अडीच ते तीन वर्षांच्या सुमारास ते सारे आलेले असतात. खालच्या जबड्यातील कायमचे पटाशीचे दात दुधाच्या दातांच्या मुळांशी, किंचित मागच्या बाजूस तयार होत असतात. वर सरकताना नव्या दाताने जुन्याचे मूळ झिजवीत जावे, मूळ संपले की जुना दात हलावा आणि पडावा, अशी निसर्गाची योजना आहे. पुष्कळ मुलांत नवा दात थोडा मागून वाट काढतो आणि जुन्याचे मूळ पुरते झिजण्यापूर्वीच हिरडीबाहेर डोके काढतो. आमच्या व्यवसायात हे चित्र इतके नित्याचे आहे, की दर हंगामात अशी मुले येतात आणि प्रत्येक आईला वाटते, असे फक्त आपल्याच लेकराचे झाले. पुढचा दात पडला की जीभ मागच्या दाताला हळूहळू पुढे ढकलते आणि बहुधा काही महिन्यांत तो आपल्या जागेवर येतो. जुना दात दोन-तीन महिन्यांत हललाच नाही, तर तो दंतवैद्याकडून काढून घ्यावा. ते काम काही मिनिटांचे असते. न हललेल्या दाताला दोरा बांधून ओढण्यात मूळ अर्धवट मोडण्याचा, हिरडी फाटण्याचा आणि त्याहून अधिक म्हणजे मुलीच्या मनात आयुष्यभराची धास्ती बसण्याचा धोका असतो. हलणारा दात मुलीने स्वतःच जिभेने हलवीत राहावा. त्याला कोणाची हरकत नाही.

आता वयाचा प्रश्न. पुस्तकात खालचे पटाशीचे दात सहा ते सात वर्षे या वयासमोर लिहिलेले असतात. पण पुस्तकातील वय म्हणजे सरासरी, पंचांगातला मुहूर्त नव्हे. मुलींचे दात मुलांच्या दातांपेक्षा काही महिने आधी येतात. घराण्याचाही त्यात मोठा वाटा असतो. नातीच्या आईचे किंवा वडिलांचे पहिले दात कधी पडले, हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारले तर निम्म्या वेळा उत्तर तेथेच मिळते. अंगाने भरलेल्या मुलांचे दात थोडे लवकर येतात, असेही अभ्यासांत दिसून आले आहे. पाच वर्षांच्या आत येणारा कायमचा दात लवकरचा खरा. पण मूल सर्वसाधारण वाढत असेल, उजवीकडे आणि डावीकडे सारखेच घडत असेल, तर ती एक तऱ्हा आहे, व्याधी नव्हे.

दातांवरून वय ठरविण्याचा मोह जुना आहे. इंग्लंडमधील कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये असा कायदा 1833 मध्ये झाला. पण गरीब आईबापांजवळ जन्माची नोंद नसे, आणि असली तरी पोटासाठी ती लपविली जाई. तेव्हा एडविन सॉन्डर्स या तरुण दंतवैद्याने शेकडो शाळकरी मुलांची तोंडे तपासली आणि दातांवरून वयाची परीक्षा कशी करावी, याविषयीचे छोटे पुस्तक 1837 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवले. मुलाची उंची फसवी असते, दात कमी फसवतात, असे त्याचे म्हणणे. ते खरेच होते. पण त्याच्याच तपासणीत असेही दिसले, की एकाच वयाच्या मुलांत दात मागेपुढे होतातच. ज्या सूतगिरण्यांसाठी पुढे आपल्या खामगावच्या बाजारातून कापसाच्या गाठी गेल्या, त्या गिरण्यांच्या दाराशी उभ्या असलेल्या लेकरांमुळे दातांचे वेळापत्रक प्रथम नीट मांडले गेले, हे वाचून मला नेहमी थोडे उदास वाटते.

नणंदबाईंच्या शंकेचे उत्तर सरळ द्यायला हवे, कारण मुलीच्या बाबतीत अशी कुजबुज एकदा घरात शिरली की ती वर्षानुवर्षे जात नाही. दात लवकर आले एवढ्यावरून मुलगी लवकर वयात येईल असे म्हणता येत नाही. संप्रेरकांच्या काही विकारांत, जसे की थायरॉइडचे कार्य वाढणे किंवा अकाली वयात येणे, दातही थोडे लवकर येऊ शकतात. परंतु तेथे दात हे एकटे लक्षण नसते. आठ वर्षांच्या आत मुलीच्या छातीची वाढ दिसू लागली, नऊ वर्षांच्या आत मुलामध्ये वयात येण्याच्या खुणा दिसल्या, उंची अचानक झपाट्याने वाढली, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मग दात कधीही आलेले असोत. यातले काही नसेल तर या विषयावर मुलीसमोर बोलूही नये. शेजारणीच्या अपशकुनाबद्दल इतकेच, की वरचे दात आधी आले तर मामाला जड, अशी समजूत आपल्याकडे होतीच. कित्येक मामांनी त्यासाठी हौसेने भाचराला चांदीची वाटी दिली असेल. वाटी द्यावी, भीती देऊ नये.

एक लवकर येणारा दात मात्र असा आहे, की त्याचे कारण शोधलेच पाहिजे. दुधाच्या दाढेला कीड लागली, ती मुळाशी पोचली, पू झाला, हिरडीवर वारंवार फोड येऊ लागला आणि घरच्यांनी ‘दुधाची दाढ आहे, पडणारच आहे’ म्हणून सोडून दिले, तर पुवाने भोवतीचे हाड खाल्ले जाते आणि खालची कायमची उपदाढ अडथळा नसल्याने वेळेच्या कितीतरी आधी वर येते. तिचे मूळ धड बनलेले नसते, म्हणून ती डुगडुगते. कधी तिच्या वरच्या कवचावर डाग व खळगे असतात. दहा-अकराव्या वर्षी यायची उपदाढ आठव्या वर्षी एकाच बाजूस आली, तर ती वाढीची खूण नव्हे, जुन्या दुखण्याची पावती आहे. उलट प्रकारही घडतो. दुधाची दाढ फारच लवकर, चौथ्या-पाचव्या वर्षी काढावी लागली, तर शेजारच्या दाढा त्या मोकळ्या जागेत सरकतात आणि खालच्या दाताला मागाहून बाहेर यायला जागा उरत नाही. बाजारपेठेतला गाळा दोन दिवस उघडा टाकला तर काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दुधाचा दात हा त्या जागेचा राखणदार आहे. तो किडला तर भरून घ्यावा. पडणारा आहे म्हणून त्याची हेळसांड करू नये.

आणखी एक गोष्ट येथेच सांगतो. पाच वर्षांच्या आत, काही लागलेपडलेले नसताना, दुधाचे दात आपोआप हलून मुळासकट पडू लागले आणि त्यांच्या जागी नवे काहीच दिसत नसेल, तर त्याला लवकर मोठे होणे समजू नये. हाडांच्या किंवा रक्ताच्या काही दुर्मीळ विकारांची ती पहिली खूण असू शकते. पडलेला दात उंदराच्या बिळात टाकण्याची किंवा कौलावर फेकण्याची रीत गोड आहे. पण असा दात कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे न्यावा.

आता त्या दाताकडे, ज्याची मला भीती वाटली. मलकापूरच्या आजींनी पुढचे दोन दात पाहिले, कारण ते हसताना दिसतात. परंतु त्याच सुमारास, बहुधा सहाव्या वर्षी आणि ज्यांचे पुढचे दात लवकर आले त्यांच्यात त्याहीआधी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, अगदी कोपऱ्यात, एक नवी दाढ वर येते. वर दोन, खाली दोन, अशा चार. ही दाढ येताना कोणताही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे घरात कोणालाच पत्ता लागत नाही. काही पडले नाही, म्हणजे नवे काही आले नाही, असा हिशेब आपण करतो आणि ती दाढ दिसलीच, तर तिलाही दुधाचीच समजतो. ती कायमची असते. तिच्यानंतर तेथे दुसरी कधीही येणार नाही.

या दाढेचे कवच बाळाच्या जन्माच्या सुमारास बनू लागते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिचा माथा तयार होतो. बाहेर येताना ती हिरडीखाली अर्धवट झाकलेली असते. पूर्ण वर येऊन समोरच्या दाढेला टेकायला तिला बरेच महिने लागतात. या काळात ती बाकीच्या दाढांपेक्षा खाली असल्यामुळे ब्रश तिच्यावरून नुसता घसरत जातो. तिच्या माथ्यावरील चिरा खोल, कवच अजून कोवळे आणि त्यात अडकलेला बिस्किटाचा लगदा तसाच राहतो. मूळ पूर्ण व्हायला अजून दोन-तीन वर्षे असतात, आतली नस मोठी असते, म्हणून कीड आत पोचायला वेळ लागत नाही. मुलांच्या कायमच्या दातांत सर्वांत अधिक किडते ती हीच दाढ. नवव्या-दहाव्या वर्षी मूल दुखते म्हणून येते. तोंड उघडले की कोपऱ्यातली दाढ पोखरून गेलेली असते. आई सांगते, ‘दुधाची आहे ना, काढून टाका.’ ती दुधाची नाही हे सांगताना समोरच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो मी फार वेळा पाहिला आहे. व्याज बुडाले समजून आलेल्या माणसाला मुद्दलच गेल्याचे सांगावे, तसे ते असते.

दात लवकर आले म्हणजे ही दाढही लवकर येणार, हे ओघानेच आले. म्हणजे ज्या वयात मुलाला धड चूळही भरता येत नाही, त्या वयात त्याच्या तोंडात सत्तर वर्षे टिकवायचा दात येऊन बसतो. लवकर दात येण्यात काळजी करण्यासारखे काही असेल तर ते एवढेच.

उपाय अवघड नाही. आजींनी आज रात्रीच नव्हे, उद्या सकाळी चांगल्या उजेडात नातीला मांडीवर आडवे घ्यावे, गाल बोटाने बाजूला करावा आणि दाढा मोजाव्या. दुधाच्या दाढा प्रत्येक बाजूस दोनच असतात. तिसरी दिसली, तर ती कायमची. तिच्यासाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून माथ्यावर फिरवावा लागतो. हे काम मुलाचे नव्हे, सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी करायचे आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरे; थुंकण्यावर लक्ष असावे. फ्लोराइड हे खनिज आहे, त्यात प्राणिज काही नाही. इतर घटकांसाठी पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून घ्यावा. विदर्भात यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. तेथे राहणाऱ्या नातलगांनी पेस्ट निवडताना दंतवैद्याला विचारावे. दाढ पुरेशी वर आली की तिच्या चिरा एका पातळ लेपाने बंद करता येतात. त्याला भूल नको, टोचणे नको. हा लेप वेळेवर घेतला, तर पुढे दाढ भरण्याचा आणि मुळावर उपचार करण्याचा खर्च बहुधा वाचतो.

आपल्या घरांतील काही चालीरीतींचा येथे विचार केला पाहिजे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणे हा दातांच्या दृष्टीने मोठा लाभ आहे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि तोंडात उरलेले गोड तसेच काम करीत राहते. मात्र हा लाभ पदरात पडायचा तर जेवणानंतर लगेच, चौविहाराचे पच्चक्खाण घेण्यापूर्वीच, दात घासून झाले पाहिजेत. मोठी माणसे नियम पाळतात आणि लहानग्याला मात्र झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली मिळते, असेही पाहिले आहे. उपवासाच्या दिवशी घरातली वडील मंडळी दंतमंजन करीत नाहीत, ते पाहून नातवंडेही ब्रश टाळतात. अदंतधावन हा दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक आहे. ज्यांनी सर्व आरंभ सोडला त्यांचा तो गुण. सकाळी दोन बिस्किटे आणि दुपारी श्रीखंड खाणाऱ्या बालकाला तो लागू होत नाही. व्रताचा निर्णय घरातील वडिलांनी गुरुमहाराजांना विचारून करावा. पण ज्या दिवशी मूल खाते, त्या दिवशी त्याने दात घासावेत.

आणि प्रभावना. पाठशाळेत, प्रवचनानंतर, पर्युषणात तर रोज, मुलांच्या हातात चॉकलेट, गोळी, बत्तासा पडतो. देणाऱ्याचा भाव मोठा आहे, त्याला मी नावे ठेवीत नाही. तरी पेन्सिल, वही, बदाम, खारीक यांनी प्रभावना उणी होते असे मला वाटत नाही. दुकानातील गल्ल्याशेजारी बसलेल्या नातवाला बरणीतून दर तासाला एक गोळी मिळते, तीही याच खात्यात धरावी. एकाच वेळी जेवणाबरोबर चार पेढे खाल्ले, तर दातांना सोसते; दिवसभर एकेक गोळी चघळली, तर सोसत नाही.

आपल्या जिल्ह्यातील एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. जुलै 2014 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यातील सतरा वर्षांच्या मुलावर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि त्याच्या खालच्या जबड्यातून लहानमोठे 232 दात निघाले. जगभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली. लोकांनी आकडा लक्षात ठेवला. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जबड्याच्या उजव्या बाजूस सूज येऊन दीड वर्ष लोटले होते. स्थानिक डॉक्टरांना कारण सापडत नव्हते. शेवटी कर्करोगाच्या भीतीने वडील मुलाला मुंबईला घेऊन गेले. तो कर्करोग नव्हता. दात बनविणाऱ्या पेशींची ती एक साधी गाठ होती. इंग्रजीत तिला ओडोन्टोमा म्हणतात. एका दाढेच्या ठिकाणी नीट दात न बनता मोत्यांसारखे शेकडो तुकडे बनत गेले होते. शस्त्रक्रियेला सुमारे सात तास लागले आणि जबडा वाचला. पुढे 2019 मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातून असे 526 तुकडे काढले गेले. त्याच्या पालकांना सूज प्रथम दिसली होती ती तो तीन वर्षांचा असताना.

अशी गाठ एवढी मोठी होणे अत्यंत दुर्मीळ आहे. छोट्या गाठी तितक्या दुर्मीळ नाहीत. त्या सहसा दुखत नाहीत. त्यांची ओळख बहुधा एकाच गोष्टीने पटते: यायचा दात येत नाही. म्हणूनच लवकर आलेल्या दाताला घाबरणाऱ्या घराने न आलेल्या दाताची दखल घ्यायला शिकावे. डावीकडचा दात आला आणि उजवीकडचा तोच दात सहा महिन्यांत आला नाही, किंवा बरोबरीचे सारे दुधाचे दात पडले आणि एकच घट्ट बसून राहिला, किंवा जबड्याचा एक भाग न दुखता फुगत चालला, तर पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतील मुलांना एकदा तपासते. तेथे दातही पाहतात. आपली मुले बहुधा खासगी शाळांत असल्याने ही तपासणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती घरच्यांनीच लक्षात ठेवून करून घ्यावी लागते. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि अक्षय तृतीयेला, एवढे ठरवून टाकले तरी पुरे. दुकानाच्या हिशेबाचे दिवस लक्षात राहतात, त्यांच्या शेजारी हेही राहील.

तर आजी, चातुर्मास संपेपर्यंत वाट पाहा. पुढचे दोन दुधाचे दात बहुधा तोवर हलू लागतील. दिवाळीपर्यंत हललेच नाहीत, तर मलकापुरातच एखाद्या दंतवैद्याकडे नेऊन काढून घ्या आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या दाढा दाखवा. नणंदबाईंना माझा जय जिनेंद्र सांगा. पुढच्या पत्रात नातीच्या दाढा किती मोजल्या ते कळवा. उजवीकडच्या वेगळ्या, डावीकडच्या वेगळ्या लिहा.